उणे चाळीसचा पाइप

परवा फोनवर तुम्ही दोघांनी मला पापण्यांवर जमलेला बर्फ दाखवलात आणि ऐटीत सांगितलंत, "आजी, आज इथे उणे चाळीस!" मी म्हटलं, "आमच्याकडेही उणे चाळीस आहे." तुम्ही हसत सुटलात. माझ्या मागे पंखा गरगरत होता, तुमचे आजोबा बनियनवर बसून कलिंगड खात होते, आणि धाकटीने विचारलं की आजी वेडी झाली का. नाही झाले. आमचं उणे चाळीस घरापासून थोड्याच अंतरावर, शहाद्याच्या रस्त्याला, तुमच्या काकूच्या कारखान्यात आहे. ते तिथे कसं आलं, आणि त्यापायी तुमचे दुकानआजोबा आमच्या घरी जेवायचे जवळजवळ कसे बंद झाले, हे लिहायचं मी तेव्हाच ठरवलं.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. पण दुकानआजोबा इंग्रजीत बोलताहेत, हे मला कागदावरसुद्धा सहन होणार नाही. अडलेल्या शब्दाला बाबांना विचारा. त्यालाही जरा सराव होईल.

आधी कारखाना. आमच्या ब्राह्मणपुरीच्या आसपास पपईची शेतंच शेतं आहेत. बाजार पडला की पिकलेली पपई झाडाखालीच जाते. तुमच्या काकूला हे बघवेना. ती इंजिनीयर, लग्न होऊन आली तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच होतं, की पपईच्या फोडी करून त्या गोठवायच्या. फोडी जाळीच्या पट्ट्यावरून एका लांब खोलीत शिरतात. आत उणे चाळीसचा वारा सुटलेला असतो. पलीकडच्या टोकाला त्या गोट्यांसारख्या टणटणीत होऊन बाहेर पडतात. हा वारा थंड करण्याचं काम अमोनिया करतो, आणि अमोनिया पाइपांतून फिरतो. सगळं महाभारत त्या पाइपांचं.

आता दुकानआजोबा. तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे दीर. शहाद्याला त्यांचं लोखंडी सामानाचं दुकान आहे हे तुम्हाला माहीत आहे, कारण गेल्या खेपेला तुम्ही तिथल्या नटबोल्टांचे डोंगर करून ठेवले होते. ते घरात अहिराणी बोलतात, मी नाशिकच्या कॉन्व्हेंटमधली, तरी आमचं पहिल्यापासून जमलं. ते मला वैनी म्हणतात, मी त्यांना भाऊ म्हणते. दुकानाचा त्यांचा एक नेम आहे. एकही पाइप ते ठोकून पाहिल्याशिवाय विकत नाहीत. गल्ल्याखाली एक लहान हातोडा असतो. पाइप दोन विटांवर आडवा ठेवायचा, मध्यावर एक टोला, आणि मान तिरकी करून ऐकायचं. आवाज खणखणीत आला तर माल बाहेर, बद्द आला तर परत. गिऱ्हाइकाला घाई असली तरी सुटका नाही. "आयक, कसा घंटीना मायक वाजस!" म्हणजे कसा घंटेसारखा वाजतो, असं म्हणून ते त्यालाही ऐकायला लावतात.

आणि आपल्या कुटुंबाची एक रीत आहे. विहिरीला मोटार बसो, घराला नळ येवो की गोठा बांधला जावो, पहिला पाइप घरच्या दुकानातला. दुकानआजोबा तो स्वतः घेऊन येतात, सर्वांसमोर ठोकतात, हळदकुंकू लावतात आणि त्याच पाइपावर नारळ फोडतात. माझ्या स्वयंपाकघरातल्या नळाच्या वेळीसुद्धा नारळ फुटला होता आणि त्याचं पाणी ओट्यावरून थेट माझ्या लेबल लावलेल्या डब्यांत गेलं होतं. त्यावर मी काही बोलले नाही, कारण मी तेव्हा नवी होते.

तर कारखान्याची जागा सपाट झाली त्याच सुमारास दुकानआजोबांनी गोदामातले उत्तम पाइप बाजूला काढले. जाड, सरळ, एकही गंजाचा ठिपका नाही. वर ताडपत्री घातली आणि टोकांना हळदीची स्वस्तिकं काढली. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगायचं असतं हेच त्यांच्या मनात आलं नाही.

इकडे काकू माझ्या खोलीत आली आणि दार लावून घेतलं. म्हणाली, "आई, काकांचे पाइप थंड बाजूला चालणार नाहीत."

"गंजलेत?"

"छे. सुंदर आहेत. पण ते थंडीसाठी नाहीत."

आणि तिने माझ्यापुढे इंग्रजी कागदांचा गठ्ठा ठेवला. घरातलं इंग्रजी वाचायचं काम माझं, मग ती औषधाची चिठ्ठी असो की मिक्सरचं माहितीपत्रक. पाइपांवर माणसं इतकं लिहू शकतात हे मला ठाऊक नव्हतं, पण मी पदवीला भौतिकशास्त्र घेतलेलं, त्यामुळे दोन दुपारी मजेत गेल्या.

त्याचं सार सांगते. मे महिन्यात गुळाची चिक्की हातात घेतली की वाकते. तीच चिक्की पौषात घेतली की कट्‌कन मोडते. चिक्की तीच, गूळ तोच. बदलली ती हवा. साध्या पोलादाचं अगदी असंच आहे. आपल्याकडच्या हवेत ते धक्का बसला तर वाकतं, चेपतं, पण धरून राहतं. फार थंड झालं की तेच पोलाद चिक्कीसारखं वागू शकतं. आधी सूचना नाही, वाकणं नाही, एकदम तडा. म्हणून शून्याच्या बऱ्याच खाली जाणाऱ्या कामासाठी पाइप वेगळे निवडतात. काकूला हवा होता त्याचं नाव ए ३३३, ग्रेड सहा. तोही पोलादच, पण जास्त शुद्ध, बारीक दाण्याचा, तापवून नीट निववलेला, उणे पंचेचाळीसपर्यंत भरवशाचा. त्याहून खाली जायचं तर पोलादात निकेल घालतात. आणि अगदी तळाला, जिथे हवासुद्धा पातळ होऊन पाण्यासारखी वाहते, तिथे आपल्या ताटवाट्यांच्या जातीचं स्टेनलेस लागतं. ते कितीही गारठलं तरी चिवट राहतं.

मी काकूला म्हटलं, "मग अडलं कुठे? ग्रेड सहा मागव."

"मागवते. पण काकांना सांगणार कोण?"

ते मात्र अडलं होतं. दुकानआजोबा भांडणारे नव्हेत. भांडले असते तर बरं. एकदा तुमच्या आजोबांनी मोटार दुसऱ्या दुकानातून आणली, तर ते एक शब्दही बोलले नाहीत. फक्त त्या उन्हाळ्यात आमच्याकडे आमरसाला आले नाहीत. दर वर्षी वाटीवर वाटी रिचवून माझ्या रसाला नावं ठेवणारा माणूस नाही म्हटल्यावर त्या वर्षी आंबा कुणालाच गोड लागला नाही. आता तर पुतण्याच्या घरचा पहिला कारखाना, आणि त्यात त्यांचा पाइप नाही. ते उद्घाटनाला येणार नाहीत, आणि मग पुढे कशालाच येणार नाहीत, हे आम्हा दोघींना दिसत होतं. उलट त्यांचं मन राखायला त्यांचे पाइप थंड बाजूला जोडले आणि एखादा तडकला, तर तो विषारी अमोनिया सुटणार कुठे? जिथे गावातल्या बाया पपई चिरत बसणार तिथे. तेव्हा हा पर्याय नव्हताच. प्रश्न इतकाच होता की पाइप नाकारून माणूस कसा राखायचा.

तुमचे आजोबा म्हणाले, "मी जरा पपईला पाणी बघून येतो." घरात वाद होणार असला की त्यांना नेहमी पपईला पाणी आठवतं.

रविवारी दुकानआजोबा जेवायला आले. मी खापरावरच्या पुरणपोळ्या केल्या होत्या. दुसरी पोळी पानात पडल्यावर काकूने धीर करून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वैनी, घरनं दुकान सोडीसन सुरतथीन पाइप मांगाडानं? लोके काय म्हनतीन? मन्हा माल खोटा शे?"

"माल खोटा नाही, भाऊ. हवा वेगळी आहे."

"हवा?" ते हसले. "लोखंडले कसानी हवा लागस? त्याले काय सर्दी व्हस?"

काकू चिक्कीचं उदाहरण सांगू लागली. ते म्हणाले, "पोरी, मी चिक्की इकत नही." आणि हात धुवायला उठले. तिसरी पोळी पानात तशीच. तीन पोळ्यांखाली न थांबणारा माणूस! मला एकदम आमरसाचा उन्हाळा आठवला.

मी तांब्या घेऊन त्यांच्या मागे गेले आणि म्हटलं, "भाऊ, तुम्ही न ठोकता पाइप विकत नाही ना? त्या कंपनीतही ठोकूनच पाहतात. कागदात लिहिलंय."

ते थांबले. "ठोकतस?"

"अगदी. प्रत्येक खेपेतल्या पाइपाचा तुकडा कापतात, त्याला खाच पाडतात, आणि वरून हातोडा सोडतात. किती जोर खाऊन तो तुटतो ते मोजतात. फरक इतकाच, की आधी तुकडा थंड करतात."

दुकानआजोबांच्या डोळ्यांत चमक आली. इतक्या मोठ्या कंपनीतही कुणीतरी आपल्यासारखंच करतंय, हे त्यांना आवडलं असावं. "मंग व्हई जाऊ दे," ते म्हणाले. "मन्हा पाइप, हिना पाइप, आनि मन्हा हातोडा. पन थंडं कसामा करशी? फ्रीजमा?"

थंडीची सोय त्यांच्याच गोठ्यात निघाली. त्यांच्या गीर गायीसाठी गुरांचे डॉक्टर येतात, त्यांच्या मोटारसायकलला एक फुगीर कॅन बांधलेला असतो. त्यात उत्तम वळूंचं बीज बारीक कांड्यांत भरून ठेवलेलं असतं, आणि ते टिकावं म्हणून द्रवरूप नायट्रोजन. झाकण उघडलं की पांढरी वाफ गोठाभर पसरते. नायट्रोजन म्हणजे उणे एकशे शहाण्णव. डॉक्टर तरुण आणि भिडस्त. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "आजी, माझ्या कांड्या उघड्या पडल्या तर तालुक्यातल्या गायी मला माफ करणार नाहीत." पण मंगळवारी नवा कॅन भरून आला, तेव्हा जुन्यातला उरलेला नायट्रोजन घेऊन ते आले. सोबत जाड हातमोजे आणि एकच अट: कुणी पुढे पुढे करायचं नाही.

आश्विनातलं टळटळीत ऊन. गोठ्यासमोरच्या अंगणात पट्टी घट्ट धरायचा व्हाइस पक्का केलेला. दुकानआजोबांनी आपल्या पाइपाची आणि काकूच्या नमुन्याच्या पाइपाची सारख्या मापाची पट्टी कापून आणली होती, दोन्हींना सारखी खाच पाडली होती. थर्माकोलच्या खोक्यात नायट्रोजन ओतला. पट्ट्या आत गेल्या तशा चुरचुरल्या, अगदी तेलात भजी सोडल्यासारख्या. गाय कान टवकारून बघत होती.

आधी दुकानआजोबांची पट्टी. हातोड्याचा एक टोला, आणि खट्. तुकडा उडून चाऱ्यात पडला. त्यांचा चेहरा उतरला. मलाच वाईट वाटलं.

मग काकूची पट्टी. एक टोला. खट्. तीही तुटली!

मग दुकानआजोबांनी हातोडा आभाळात उंचावला. "दोन्ही फुटनात! वैनी, दोन्ही! पोरी, तुन्हा सुरतवाला बी गया!" आणि ते इतके मनापासून हसले की गायीने दोरी ताणली.

डॉक्टर नको तिथे आल्यासारखे आपल्या कॅनकडे बघू लागले. फक्त काकू शांत होती. ती म्हणाली, "आई, ही परीक्षा तुम्ही ठरवलीत ना? माझा पाइप उणे पंचेचाळीसचा. त्याला तुम्ही उणे एकशे शहाण्णवमध्ये बुडवलंत. पहिलीच्या मुलाला दहावीचा पेपर दिल्यासारखं झालं."

खरंच की. कागद वाचले मी, सार सांगितलं मी, आणि थंडी म्हणजे थंडी असं धरून चालले तेही मीच. मग मी शेजारी आमच्या घरात गेले आणि माझी स्टेनलेसची पळी घेऊन आले. "ही दहावीची," म्हटलं. पळीचा दांडा उरलेल्या नायट्रोजनमध्ये चांगला गारठवला, व्हाइसमध्ये धरला. दुकानआजोबांनी जोर काढून टोला घातला. दांडा वाकला, तुटला नाही. आणखी एक टोला. आणखी वाकला. "व माय!" ते म्हणाले, "हाई तं मन्ही बायकोना मायक चिवट शे!" गोठ्याच्या दारातून तुमच्या दुकानआजी म्हणाल्या, "मीबी आयकी ऱ्हायनू." त्यानंतर बराच वेळ ते फक्त पळीबद्दलच बोलले.

काकूने मग खरी परीक्षा मांडली. दुसऱ्या खोक्यात स्पिरिट घेतलं, त्यात थोडा थोडा नायट्रोजन सोडला आणि थर्मामीटर उणे चाळीसवर आणून धरला. "काका, आता तुमच्या एकाच पाइपाची नको. वेगवेगळ्या पाइपांच्या पट्ट्या द्या. माझ्याही तशाच देते."

दुकानआजोबांची पहिली पट्टी वाकली. तुटली नाही. त्यांनी माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. दुसरीही वाकली. "आते बोल," ते काकूला म्हणाले.

काकू म्हणाली, "अजून एक."

तिसरी खट्‌कन तुटली.

काकूच्या सगळ्या पट्ट्या वाकल्या. पहिलीपासून शेवटचीपर्यंत, एकसारख्या, शाळेतल्या रांगेसारख्या.

मला वाटलं होतं, ती आता समजावून सांगेल. ती काही बोलली नाही, आणि हे तिचं शहाणपण मी मनात नोंदवून ठेवलं. दुकानआजोबांनी चाऱ्यातून, मातीतून आपले तुकडे गोळा केले. वाकलेला एका हातात, तुटलेला दुसऱ्या हातात. वाकलेला व्हाइसवर टोला देऊन ऐकला. मग तुटलेला ऐकला. पुन्हा ऐकला. आवाज दोन्हींचाही खणखणीत.

"वाजतस सारखाच," ते हळू म्हणाले. "मंग मी कसा वळखू, कोन फुटी आनि कोन नही?"

"उन्हात नाही ओळखता येत, काका," काकू म्हणाली. "तुमचा पाइप वाईट नाहीच. फक्त थंडीत त्याची खात्री कुणी दिलेली नाही."

खात्री हा शब्द त्यांना लागला. ज्या माणसाने आयुष्यभर पाइप ठोकून खात्रीच विकली, त्याला आणखी काय सांगायचं? ते खाटेवर बसले. तुमच्या दुकानआजींनी चहा आणला, तो बशीत ओतून प्याले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, की हा माणूस आता उठून घरात जाईल आणि मग दसऱ्याला येईल की नाही.

चहा संपल्यावर ते म्हणाले, "वैनी, मी ठोकीसन देखेल नही तो माल मी इकत नही. बरोबर?"

"बरोबर."

"मी कोनताच पाइप थंडीमा ठोकेल नही. मंग थंडीना पाइप मन्हा दुकानमाईन जाऊच शकत नही. मीच देत नही." आणि काकूकडे बोट करून म्हणाले, "तू नको म्हनानं नही. मीच नही देस, समजनं?"

"समजलं, काका," काकू म्हणाली. चेहरा तिने गंभीर ठेवला. मग विचारलं, "पण कारखान्यात गरम बाजूही असते. यंत्र थंड ठेवायला मोठी पाण्याची लाइन लागते. बाहेर, उन्हात. तिथे मला आवाज ऐकून घेतलेलेच पाइप हवेत."

"ते तं देवानंच पडी," दुकानआजोबा म्हणाले. "पहिला पाइप घरनाच ऱ्हास." आणि मला: "वैनी, परोनदिनना पोया उरेल शेतस का?"

रविवारच्या पोळ्या मंगळवारी कुठून उरणार? मी नव्या केल्या.

त्यानंतर ते काकूपेक्षा कडक झाले. सुरतेहून ट्रक आला तेव्हा ते चष्मा लावून हजर. प्रत्येक पाइपावर छापलेला शिक्का बोटाने ताडून पाहायचे, "तीनशे तेहतीस, सहा," असं मोठ्याने म्हणायचे, तेव्हाच तो उतरायचा. एका पाइपावरचा शिक्का पुसट होता. ड्रायव्हर म्हणाला, "सेठ, सब एक ही माल है." दुकानआजोबांनी त्याला उन्हात उभं करून तिसऱ्या पट्टीची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. तो पाइप परत गेला. जोडकाम करणाऱ्याला ते रोज विचारत, "भाऊ, तुन्ही वेल्डिंगनी सळई तरी थंडीनी शे ना?" आणि हा प्रश्न, काकू म्हणते, अगदी बरोबर होता.

पुढच्या वर्षीच्या दसऱ्याला कारखाना सुरू झाला. खंडेनवमीला दुकानआजोबांचा हातोडा पूजेत होता, झेंडूची फुलं वाहून. दुसऱ्या दिवशी सगळं गाव जमलं. कुणीतरी उत्साहाने नारळ घेऊन थेट थंड लाइनकडे निघालं, चकचकीत नव्या पाइपांवर फोडायला. गर्दीतून दुकानआजोबांचा आवाज आला, "थांब रे! त्यासले हात लावानं नही! त्या पाव्हना शेतस, थंड्या गावना. त्यासले जपीसन वागाडा. नारळ आठे!"

ते आपल्या पाण्याच्या लाइनपाशी उभे होते. टोकाला हळदीचं स्वस्तिक, तेच ताडपत्रीखालचं. त्यांनी हातोडा उचलला, मध्यावर एक टोला दिला, मान तिरकी केली आणि काकूला जवळ बोलावलं.

"आयक."

तिने कान लावला. पाइप घंटेसारखा वाजत होता. मग त्यांनी तिच्या हातात नारळ दिला. रीतीप्रमाणे तो ते स्वतः फोडतात, आजपर्यंत दुसऱ्या कुणी फोडला नव्हता. तिने फोडला. पाणी सगळ्यांच्या पायांवर उडालं, आणि आत कुठेतरी खोलीतला वारा उणे चाळीसकडे निघाला.

वाकडी पळी माझ्या खणात आहे. तिला मी लेबल लावलंय: 'दहावी पास'. आमटी वाढायला ती अडचणीची आहे, पण दुकानआजोबा आमरसाला आले की त्यांना तिनेच वाढावं लागतं. गेल्या उन्हाळ्यात आले होते. रसाला नावं ठेवली, आणि वाटीवर वाटी घेतली.